मी अडकलो तरी माईक घ्यायचा नाही

शनिवार-रविवारी मी लग्नांत निवेदन करते. बाकीचे दिवस चाकणच्या एका कंपनीत ट्रेनिंग विभागात असते. नव्या मुलांना हेल्मेटचा पट्टा कसा लावायचा, मशीन चालू असताना हात कुठे न्यायचा नाही, हे समजावून सांगायचं काम. निवेदन योगायोगानं गळ्यात पडलं. कंपनीच्या स्नेहसंमेलनाला ठरलेला निवेदक आलाच नाही, साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तो कार्यक्रम पाहिलेल्या एका सहकाऱ्यानं मला आपल्या बहिणीच्या लग्नाला बोलावलं. तिथून एकातून एक निघत गेलं. मोशी, भोसरी, आळंदी रस्ता, चाकण, या पट्ट्यात मंगल कार्यालयांना तोटा नाही.

सुरुवातीला माझा घसा सारखा बसायचा. दुपारच्या लग्नात सत्कारांची नावं वाचून झाली की मंगलाष्टकांपर्यंत आवाजाची नुसती खरखर उरायची. शिवाय भरभर बोलायला लागले की माझा मराठवाड्याचा हेल वर यायचा आणि जोडाक्षरं गिळली जायची. इकडच्या लग्नात एखाद्या पाहुण्याचं आडनाव चुकलं तर ते वर्षभर विसरलं जात नाही. शेवटी निगडीला प्राधिकरणात राहणाऱ्या एका निवृत्त नाट्यशिक्षिकेकडे गेले. त्यांनी मला बोलायला शिकवलंच नाही. बोलण्याआधी काय करायचं, तेवढंच शिकवलं. कोमट पाण्याचे घोट घ्यायचे. तोंड मिटून गुणगुणायचं. ओठ सैल सोडून फुर्र करायचं. जबड्याचे सांधे बोटांनी चोळायचे. आणि मग जीभ वळवायला ती लहानपणची वाक्यं: कच्चा पापड पक्का पापड, चटईला टाचणी टोचली, काळे राळे गोरे राळे राळ्यात राळे मिसळले. आधी सावकाश, प्रत्येक अक्षर चावून, मग वेग वाढवत.

हे सगळं करायला मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला जाते. तिथे आचाऱ्यांच्या भट्ट्या पेटलेल्या असतात, भांडी आदळत असतात, जनरेटर चालू असतो. तिथे कुणी काही म्हणालं तरी कुणाचं लक्ष जात नाही.

मोशीच्या एका लग्नात मी अशीच मागे पाण्याच्या टाकीशी उभी होते. तोंडानं "निळ्या नळीला लाल नळी, लाल नळीला निळी नळी" चाललं होतं. हे वाक्य माझं स्वतःचं, कंपनीतल्या हवेच्या नळ्या बघून जुळवलेलं. ळ आणि ल लागोपाठ आले की जिभेची चांगली परीक्षा होते. मान वळवली तर एक गृहस्थ हातात ताकाची रिकामी बादली घेऊन माझ्याकडे बघत होते. पन्नाशीचे असावेत. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. मी ओशाळले.

"आवाज मोकळा करते हो, काका. बोलायचंय ना आता."

ते काहीतरी बोलायला गेले. ओठ हलले, मान किंचित मागे गेली, डोळे मिटले, पण शब्द काही आला नाही. मी वाट पाहिली. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली आणि ते बादली घेऊन गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला.

"ताई, तुमी त्या दिवशी टाकीमागं काय म्हनत व्हता, ते आमच्या मालकांना शिकवाल का? आमच्या पोरीचं लगीन काढलंय. निवेदनाला तुमीच या. पन त्याच्याआधी ह्यांचं बघा. ह्यांचं बोलनं अडकतंय, लहानपनापासून. आता ह्यांच्या मनात आलंय की पोरीच्या लग्नात सोयऱ्यांचं स्वागत आपन सोता करायचं."

मागून कुणीतरी काही बोलायचा प्रयत्न करत होतं. "व्हय, सांगते," असं त्या मागं वळून म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "कुनाला कळू द्यायचं न्हाई, असं म्हनत्यात."

मी होकार दिला. मला वाटलं होतं, सोपं काम आहे. जीभ आळशी असते, तिला वळण लावलं की झालं.

ते मोशीला आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी यायला लागले. गाव चाकणच्या पलीकडे. थोडी जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, उरलेल्या जमिनीत कांदा आणि भाजीपाला, आणि ते स्वतः एका कारखान्यात मशीनवर. पहिली पाळी असली की पहाटे कंपनीच्या बसनं जायचे, दुपारी परत येऊन शेतात. बायको बरोबर असायची. मी काही विचारलं की ते तोंड उघडायचे आणि उत्तर बायको द्यायची. तिची त्यात काही चूक होती असं मला वाटत नाही. संसारभर तीच सवय. दुकानदार, डॉक्टर, मुलीचे शिक्षक, सगळ्यांशी तीच बोलत आली होती.

दुसऱ्या रविवारी मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही खाली बागेत जरा चक्कर मारून या."

त्या गेल्या. काकांनी जिन्यातला पावलांचा आवाज थांबेपर्यंत वाट बघितली आणि मग मोठ्या कष्टानं, तुकड्यातुकड्यात, मला सांगितलं. घरात थोरला भाऊ आहे. वडील लवकर गेले, तेव्हापासून सगळं बोलणं त्याचं. भाऊ वाईट नाही, जीव लावतो. पण यांच्या लग्नाची सुपारी फुटली तेव्हाही "पसंत आहे" हे भावानंच सांगितलं. मुलीच्या साखरपुड्याला तर काका स्वतः दोन वाक्यं म्हणायला उठले होते. पहिल्याच शब्दाला अडकले. भावानं पाठीवर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि वाक्य पुरं केलं.

"वा... वाक्य त्याचं व्हतं," काका म्हणाले. "मला दुसरंच म्हनायचं व्हतं."

मी विचारलं, "काय म्हणायचं होतं?"

त्यांनी मान हलवली. ते आता लग्नातच सांगणार होते.

मी त्यांना कच्चा पापड पक्का पापड दिलं. तीच माझी चूक झाली. पहिल्या क लाच त्यांचा घसा आवळला गेला. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या. मी म्हटलं, सावकाश म्हणा. मग आणखी बिघडलं. "चटई"च्या च वर ते इतका वेळ थांबले की मीच घामाघूम झाले. मी जे हत्यार देत होते ते त्यांच्यासाठी नव्हतंच. मला अडखळायची भीती वाटते म्हणून मी त्या वाक्यांशी खेळते. त्यांच्यासाठी ती नुसती अडथळ्यांची रांग होती.

तसं त्यांना सांगितलं. म्हटलं, "काका, मी यातली डॉक्टर नाही. चिंचवडला एक वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे जाऊया."

त्यांनी टोपी उचलून डोक्यावर घातली. उठण्याआधी मी उगीचच, वातावरण हलकं करायला, स्वतःशी "काळे राळे गोरे राळे" सुरू केलं. आणि त्यांचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. कुठेही न थांबता. मी वेग वाढवला तर त्यांनीही वाढवला, आणि शेवटी मीच "राळ्यात" मध्ये चुकले, ते नाहीत.

 मग ते हसायला लागले. हसताना खांदे हलत होते.

"भजनातबी असंच व्हतं," ते म्हणाले, आणि हेही जवळजवळ न अडता. "सगळ्यांबरोबर कदी अडकत न्हाई. एकटा पडलो की अडकतो."

चिंचवडच्या मॅडमकडे ते पाळी संपल्यावर जायला लागले. पहिल्या भेटीनंतरच्या रविवारी आले ते हातात मटारची पिशवी घेऊन आणि खुशीत. बातमी मात्र बायकोनं दिली नाही. ती दारात चपला काढत होती, आणि काकांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मॅडम म्हनल्या, पापड ब... बंद."

मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की अवघड वाक्यं घोकून अडखळणं जात नाही. शब्द जोरानं ढकलायचा नाही, हळुवार सुरू करायचा. अडकलो तर लपवायचं नाही, पळायचं नाही, अडकलेल्या जागी थांबून पुन्हा सैल सुरुवात करायची. आणि घरच्यांना सांगितलं होतं की यांचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. काकू तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई अवघड हाय ओ ताई. त्वांडाशी आलेला शब्द गिळायचा म्हंजी!"

आमचं रविवारचं चालू राहिलं. मॅडमची त्याला हरकत नव्हती, फक्त त्याला उपचार म्हणायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. काका आणि मी एकत्र गुणगुणायचो, फुर्र करायचो, राळे आणि नळ्या एका सुरात म्हणायचो. मग मी गप्प व्हायचे आणि ते एकटे आपली वाक्यं म्हणायचे. कधी सरळ जायची, कधी जायची नाहीत. लग्न जवळ आलं तरी हा हिशेब काही पक्का झाला नाही. एखाद्या रविवारी इतकं छान बोलायचे की मला वाटायचं जिंकलं. पुढच्या रविवारी "राम राम" सुद्धा निघायचं नाही.

शेवटच्या रविवारी निघताना ते दारात थांबले.

"ताई, एक कबूल करा. मी अडकलो तरी माईक घ्यायचा न्हाई. कितीबी वेळ झाला तरी."

मी कबूल केलं. मग म्हटलं, "भाऊंना सांगितलंय का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. ते सांगायचं त्यांना जमलं नव्हतं.

लग्न आळंदी रस्त्यावरच्या कार्यालयात, संध्याकाळच्या मुहूर्ताला होतं. मी नेहमीप्रमाणे मागे गेले तर काका आधीच तिथे उभे. फेटा बांधलेला, कपाळावर गंध, बोटांत अंगठी फिरवत. आचारी जिलबीच्या कढईवर वाकलेले. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून गुणगुणलो, ओठ फुरफुरवले, एका आवाजात राळे मिसळले. पाण्याचा ड्रम उचलणाऱ्या माणसानं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तो आपल्या कामाला लागला.  मी काकांना कोमट पाणी दिलं. ते म्हणाले, "चला."

हॉल भरला होता. पंचक्रोशीतले पुढारी पहिल्या रांगेत. मी सत्कार घेतले, शाली-नारळ झाले, राहून गेलेल्या नावांची नेहमीसारखी माफी मागितली. यानंतर वधूपक्षाच्या वतीनं स्वागत. थोरले भाऊ स्टेजच्या पायरीवर येऊन थांबलेच होते. उंच, भरदार माणूस. आवाज असा की माईक लागू नये. ते माझ्याकडे हात पुढे करून आले.

मी म्हटलं, "आता सर्वांचं स्वागत करतील वधूपिता."

भाऊंचा हात तसाच राहिला. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, नाव चुकलं का तुमचं? मी बोलनार हाय."

"नाही दादा. ते बोलणार आहेत. त्यांनी सांगितलंय."

त्यांनी मागे वळून धाकट्याकडे बघितलं. काका पायऱ्या चढत होते. भाऊ एक पाऊल मागे सरले, पण खाली उतरले नाहीत. तिथेच, हाताच्या अंतरावर उभे राहिले. मी माईक काकांच्या हातात दिला.

"राम राम मंडळी," काका म्हणाले. स्वच्छ. मी श्वास सोडला.

मग "माझ्या" आला. म वर ओठ मिटले आणि उघडेनात. मान मागे गेली. डोळे मिटले. हॉलमध्ये आधी कुणाला कळलं नाही, मग पुढच्या रांगा शांत झाल्या, मग मागच्या. कुठूनतरी हसण्याचा आवाज आला. डीजेवाल्याला वाटलं बोलणं संपलं, त्यानं सनई सुरू केली. मी हात वर केला, त्यानं घाईघाईनं बंद केली. समोर काकू बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलायला लागले होते. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. माझ्या हातात दुसरा माईक होता, चालू. निवेदनाचा पहिला धडाच असा की शांतता पडू द्यायची नाही. माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती. मी माईकचं बटण बंद केलं.

भाऊंनी हात पुढे केला. काकांनी डोळे उघडले, तो हात पाहिला आणि माईक उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. भावापासून लांबच्या हातात. तेवढंच.

मग त्यांनी खांदे सैल सोडले, आणि वाक्य बदललं.

"मी अडकतो. तुमाला ठाव हाय. आज मला घाई न्हाई. म... मुहूर्ताची घाई असंल तर भटजींनी सांगावं."

भटजी मांडवाच्या कडेला उभे होते. ते मोठ्यांदा म्हणाले, "निवांत बोला, अजून वेळ आहे." लोक हसले. आधीच्या हसण्याहून हे वेगळं होतं.

त्यानंतर ते बोलले. तीन-चार वेळा अडकले, एकदा बराच वेळ. आल्याबद्दल आभार मानले. व्याह्यांच्या गावाचं नाव घेतलं, तिथल्या पाहुण्यांना जेवल्याशिवाय जायचं नाही असं बजावलं. मग ते नवरदेवाच्या आईवडिलांकडे वळले.

"माझी लेक बोलती चांगली. तिला बोलू द्या. ती काय सांगत असंल तर मदी तोडू नका. तिचं वाक्य तिला पुरं करू द्या. येवढंच मागनं हाय."

नवरीच्या खोलीचं दार उघडं होतं. मुंडावळ्या बांधलेली ती मुलगी चौकटीत येऊन उभी राहिली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं रडू आवरायचा प्रयत्न केला नाही, आणि मैत्रिणींनी तिला आत ओढलं, काजळ पसरतंय म्हणून. नवरदेवाचे वडील जागेवरून उठले, स्टेजवर आले आणि काकांना मिठी मारली. टाळ्या वाजल्या, पण मला लक्षात राहिलंय ते हे, की भाऊ टाळ्या वाजवत नव्हते आणि खालीही गेले नव्हते. ते फेट्याचा शेमला हातात धरून धाकट्याकडे बघत होते.

मग अंतरपाट धरला गेला, अक्षता पडल्या, आणि माझं काम संपलं. पंगतीत मी बसले तेव्हा भाऊ वाढायला आले. माझ्या ताटात जिलबी ठेवली.

"मला आदी सांगायचं व्हतं त्यानं," ते म्हणाले. "मी सोता त्याच्या हातात माईक दिला असता."

"मला माहीत नाही, दादा," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. त्यांनी दिला असता की नाही, हे बहुतेक त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक जिलबी ठेवली.

"तो साखरपुड्याला काय म्हननार व्हता, ते आज कळलं," ते म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले.

काकांचं अडखळणं गेलं नाही. जाईल असं त्या चिंचवडच्या मॅडमनी कधी सांगितलंही नव्हतं. फरक इतकाच, की आता मला फोन येतो तो त्यांचाच येतो. मध्ये थांबतात, मी वाट बघते. परवा त्यांनी कांद्याच्या रोपांबद्दल सविस्तर सांगितलं, मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. मुलगी सासरी चाकणलाच आहे, नोकरी चालू आहे. काका कारखान्यात सकाळच्या मीटिंगला सुपरवायझरशी स्वतः बोलतात. एकदा सुपरवायझर घाईत होता, तर ते म्हणाले, "थांबा साहेब, माझं संपलं न्हाई." हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

माझ्या कामात मात्र एक बदल झाला. पूर्वी लग्न ठरवायला घरचे आले की मी विचारायचे, पुढारी कोण कोण येणार, सत्कार किती, बोलणार कोण. ते नावं सांगायचे, मी लिहून घ्यायचे. आता मी एक जास्तीचा प्रश्न विचारते: घरात अजून कुणाला बोलायचंय का? बहुतेक वेळा सगळे एकमेकांकडे बघतात आणि नाही म्हणतात. कधीकधी एखादं माणूस, ज्याच्याकडे कुणी बघत नसतं, ते घसा खाकरतं.

गेल्या लग्नसराईत भोसरीला एका नवरीची मावशी असंच म्हणाली, की मला दोन शब्द बोलायचेत. आई नसलेल्या त्या मुलीला तिनंच वाढवलं होतं. एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला होती, माईक आयुष्यात हातात धरला नव्हता. तिला मी मागे नेलं, गरम पाणी दिलं, जबडा चोळायला लावला. ती इतकी हसत होती की पापडाच्या पुढे काही जमलंच नाही. स्टेजवर गेल्यावर तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, म्हणाली, "पोरीला सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो, साखर कमी," आणि खाली उतरली.